थोरलीचा माठ, जावयाचे डोळे

सवतीबद्दल चार चांगले शब्द बोलायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण आमच्या थोरलीचं, अकेचचं नाव निघालं की गावातली माणसं हल्ली भलतंच सांगत सुटतात. कोणी म्हणतं तिनं जावयावर कोयता उगारला, कोणी म्हणतं ती त्याच्या छातीवर बसून नाचली. छातीवर बसली हे खरं. नाचली नाही. जावयाचे पाय तेव्हा मीच धरले होते, म्हणून सांगायचा पहिला हक्क माझा.

अकेच आमच्या नवऱ्याची, ओडेराची, पहिली बायको. मी अडोयो, दुसरी. तिचं घर फाटकाच्या अगदी समोर, कारण तो पहिलीचा मान. माझं बाजूला. ओडेरा गेला आणि आम्ही दोघी एका अंगणात, एका कुंपणाच्या आत राहिलो. तो होता तेव्हा निदान भांडायला कारण होतं. तो गेल्यावर आम्ही बिनकारण भांडायला लागलो, आणि खरं सांगते, त्यात जास्त मजा होती.

कुंपण शेराचं. ओडेराच्या आजोबांनी लावलेलं, आता घरापेक्षा उंच झालेलं. बोटाएवढ्या हिरव्या कांड्या, पान म्हणून नाही, आणि कुठंही नख लावा, पांढरा चीक ओघळतो. बिबट्या येत नाही, शेजाऱ्याची बकरी येत नाही, आणि उयोमासारख्या कोरड्या गावात एक थेंब पाणी न घालता ते वाढतं. फक्त वर्षातून एकदा छाटावं लागतं, नाहीतर फाटकच गिळून टाकतं. हे छाटायचं काम थोरलीचं. पुरुषांनी करायचं काम, पण आमच्याकडचे पुरुष अर्धी फांदी तोडून अर्धा दिवस बिअर पितात, म्हणून तिनंच ते घेतलं होतं.

तिची छाटायची तऱ्हा बघण्यासारखी होती. आधी ओला अंगठा वर धरून वारा कुठून येतो ते बघायची. वाऱ्याकडे पाठ. लांब दांड्याचा कोयता, डोक्याला घट्ट फडकं. घाम आला तर खांद्यानं पुसायचा, हातानं कधीच नाही. आणि काम सुरू करण्याआधी फाटकाजवळचा माठ काठोकाठ भरलेला आहे ना, ते झाकण उचलून बघायचं.

त्या माठावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी नवऱ्यावरून झाली नसतील. फाटकाच्या आतल्या बाजूला सावलीत एक मोठा मातीचा माठ, वर लाकडी झाकण, झाकणावर भोपळ्याचा डाव. त्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही, कुणी भांडी घासायला घ्यायचं नाही. कोरड्या दिवसांत तळ्यावरून पाणी आणताना आमच्या माना मोडायच्या, आणि आणलेल्या पाण्यातून ही बाई आधी तो माठ भरायची!

"अगं थोरले, कुणासाठी ठेवतेस हे? मेलेल्या नवऱ्यासाठी?" मी विचारायची.

"कुंपणासाठी."

"शेराला तहान लागते होय गं?"

"तुझ्या तोंडाला लागत नाही तोवर गप्प बस."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पण हिचं तोंड कुठल्या दुधानं पोळलं होतं, ते मला माहीत नव्हतं. तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, बुबुळावर पांढरा ढग. मला वाटायचं देवी आल्या असतील लहानपणी. सवतीला डोळ्याचं कोण विचारतं? मी तर त्या बाजूनं तिची साखर चोरायची.

आता तिच्या लेसोचंही सांगून टाकते. आमच्याकडच्या बायका अंगावर घेतात ते रंगीत कापड, त्याच्या काठावर एखादं वाक्य छापलेलं असतं. कुणी देवाचं घेतं, कुणी प्रेमाचं. ओडेरानं माझ्या घरावर नवे पत्रे घातले त्या वर्षी थोरली बाजारातून एक पिवळा लेसो घेऊन आली आणि तो पाठीवर पसरून माझ्या दारावरून तीनदा गेली. मला वाचता येत नाही. मी धावत दुकानदाराकडे गेले, तर तो मेला आधीच हसत होता. त्यानं वाचून दाखवलं, "माझ्या दाराकडे काय बघतेस? तुझं दूध उतू चाललंय!"

माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या आजपर्यंत. त्या लेसोचा रंग विटला, काठ फाटला, पण ती तो टाकेना. माझ्याशी वाजलं की दुसऱ्या दिवशी तो पिवळा लेसो तिच्या पाठीवर असायचाच.

अशी ही बाई एका बाबतीत मात्र मेणाहून मऊ आणि दगडाहून कडक होती, ती म्हणजे जावई. तिची एकुलती लेक अमोंदी ओबुया नावाच्या ड्रायव्हरला दिलेली. बोंडो ते किसुमू मिनीबस चालवायचा. गाडीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत "घाई कशाला" असं रंगवलेलं, आणि पळवायचा अशी की कोंबड्या त्या गाडीचा आवाज ओळखून झाडावर चढायच्या. पण सासूच्या मर्यादेला तो पक्का. आमच्यात सासू आणि जावई यांनी एकमेकांसमोर यायचं नाही, एका ताटाशी बसायचं नाही, अंगाला हात लागणं तर दूरच. हल्लीची पोरं हे पाळत नाहीत, सासवा जावयाबरोबर फोटो काढतात. आमच्या थोरलीला ते चालायचं नाही. ओबुया रस्त्यावरूनच हॉर्न द्यायचा, मग फाटकात येऊन खोकायचा, तेवढ्यात ही घरामागे पळायची. तिथे बसून मला विचारायची, "माशाचं डोकं खाल्लं का त्यांनी? की ठेवलं?"

मीही त्याची सासूच लागते, पण धाकटी. मी कुडाच्या फटीतून बघायची. थोरलीनं तेवढंही केलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिला जावई माहीत होता तो खोकल्यावरून आणि पाठीवरून.

तर तो दिवस. पाऊस पडून महिने झालेले, वारा तळ्याकडून. थोरली सकाळपासून कुंपण छाटत होती आणि फाटकाच्या बाजूचं बहुतेक उरकलं होतं. तोडलेल्या टोकांतून चीक टपटपत होता. मी अंगणात सुकवायला टाकलेल्या ओमेना माशांवरून कावळे हाकत होते. अमोंदीचे दिवस भरत आले होते, पण अजून वेळ होता असं सगळे म्हणत होते. थोरलीचा फोन दुकानात चार्जिंगला पडलेला.

रस्त्यावर गाडी करकचून थांबली. हॉर्न नाही. खोकला नाही. नुसता पळण्याचा आवाज आणि ओरडणं:

"मुलगी झाली! मुलगी झाली! आई, मुलगी झाली!"

बापाला कोणीतरी फोनवर कळवलेलं, आणि त्यानं अजून लेकीचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. वाटेत आमचं गाव लागलं म्हणून आधी आम्हाला सांगायला धावला होता बिचारा. आनंदात हॉर्न विसरला, खोकला विसरला. फाटकातून आत शिरला आणि त्याच क्षणी कोपऱ्यावरून थोरली आली, हातात कोयता, डोक्याला फडकं. दोघं समोरासमोर. हात लांब केला तर लागेल इतके जवळ!

दुसरा कोणी असता तर हसला असता. ओबुयाला त्याच्या आईनं शिकवलं होतं की सासू वाटेत आली तर वाट सोडायची. त्यानं सोडली. डोळे मिटून बाजूला अशी उडी मारली की सरळ कुंपणात, ताज्या छाटलेल्या शेरात. कांड्या कडाकडा मोडल्या. डोकं, तोंड, गळा, सगळीकडे पांढरा चीक. आणि मग त्यानं तेच केलं जे सगळेच करतात. दोन्ही हातांनी डोळे चोळले. त्या हातांनाही चीक होता.

"आग! आग लागली! माझे डोळे!"

आणि आमची थोरली? सवयीनं तिनं तोंडावर फडकं ओढलं आणि त्याच्याकडे पाठ केली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जावई शेरात तडफडतोय आणि सासू पाठ करून उभी! पण कोयता तिच्या हातातून गळून पडला होता.

"जावईबापू!" ती पाठमोरीच ओरडली. "चोळू नका! हात खाली करा! डाव्या हाताला माठ आहे, तोंड त्यात घाला!"

झालं! सासूचा आवाज इतक्या जवळून ऐकला आणि तो आणखीच घाबरला.

"आई, तुम्ही जा! तुम्ही आत जा! मी जातो, मी जातो!" असं म्हणत तो चालायला लागला, तो पुन्हा कुंपणातच.

तेव्हा थोरली वळली. तिचं ते तोंड मी कधी विसरणार नाही. डोक्याचं फडकं तिनं ओढून फेकलं आणि त्याची कॉलर धरली.

"थांब! तुला मी दिसतेय?"

"नाही हो आई, काहीच दिसत नाही!"

"मग मी इथे नाहीच! झोप खाली!"

आयुष्यभर "जावईबापू, तुम्ही" म्हणणाऱ्या बाईनं एका दमात त्याला अरे-तुरे केलं आणि एका हिसक्यात जमिनीवर पाडलं. तो उंचापुरा ड्रायव्हर, ती वाळकी काडी. पण पडला खरा. आणि तो उठून पळेल म्हणून ती त्याच्या छातीवर बसली.

"धाकटे! पाय धर!"

मी दोन पावलं मागे सरले. "अगं थोरले, हात लावलास त्याला! दोष लागेल! अमोंदीच्या लेकराला लागेल!"

"बाप आंधळा झाला तर तो काय आशीर्वाद आहे का? पाय धर म्हणते ना!"

मी धरले. काय करणार?

तिनं आधी माठाशेजारी ठेवलेल्या राखेनं आणि पाण्यानं आपले हात घासले, मग डाव भरून त्याच्या डोळ्यात ओतायला लागली. डोळे तो उघडेना, पापण्या अशा आवळलेल्या जशा शिंपल्या. तिनं अंगठ्यानं आणि बोटानं पापणी फाकवली आणि नाकाच्या बाजूनं कानाकडे पाणी सोडलं. डाव संपला की दुसरा. उजवा, डावा, पुन्हा उजवा. तो बैलासारखा ओरडत होता, पाय झाडत होता. त्याची एक लाथ माझ्या हनुवटीवर बसली, अजून दात हलतो.

ओरडा ऐकून शेजारपाजार गोळा झाला. शेजारची अपोंदी कडेवर तान्हं घेऊन धावत आली, ब्लाउजची बटणं सोडतच. कारण आमच्याकडे रीत तीच आहे. शेराचा चीक डोळ्यात गेला की लेकुरवाळीचं दूध डोळ्यात पिळायचं. दुधाला दूध मारतं म्हणतात. माझी आईही तेच म्हणायची.

"सरका, सरका! आणलंय दूध!" अपोंदी म्हणाली.

"सरक तूच!" थोरली गरजली. "तुझ्या पोराला पाज ते! इथे पाणी पाहिजे, पाणी!"

"अहो पण आजी, पाण्यानं चीक पसरतो. सगळे म्हणतात!"

"सगळे म्हणतात? बघ इकडे! वर बघ माझ्याकडे!" आणि तिनं फूल पडलेला डोळा बोटानं ताणून अपोंदीच्या तोंडापुढे धरला. "मी नवी नवरी होते. हेच कुंपण. माझी सासूही म्हणाली, पाणी लावू नका, दूध आणा. गावात लेकुरवाळी सापडेना. तळ्यापर्यंत माणूस पाठवला. तोवर मी डोळा चोळत बसले, आणि माझ्या बाजूला पाण्यानं भरलेली घागर होती! ही बघ तुमच्या दुधाची करामत!"

अपोंदी बटणं लावत मागे सरली. माझ्या हातांतले ओबुयाचे पायही थांबले. इतकी वर्षं मी त्या माठावरून तिला टोचत आले होते. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय!

पण कळून माठ भरत नाही. डाव तळाला खरवडायला लागला. "पाणी!" थोरली ओरडली. "पाणी संपलं!"

तेवढ्यात रस्त्यावरचे प्रवासी आत घुसले. मिनीबस उन्हात उभी, ड्रायव्हर पळाला, म्हणून ते शिव्या देत उतरले होते. पुढे कंडक्टर ओसिर. फाटकात पाय ठेवला आणि बघतो तर मालक जमिनीवर, छातीवर म्हातारी.

"अरे बाप रे! सासूनं धरलं!" ओसिर म्हणाला.

"तोंड काय बघतोस? तुझ्या गाडीत पाणी आहे?"

होतं! देवानं पाठवल्यासारखं होतं! कुणाची बाटली, कुणाचा कॅन, बाजारातून परतणाऱ्या एका बाईकडे घरी न्यायचा पिवळा डबा भरलेला. माणसांची रांग लागली, हातोहात पाणी येऊ लागलं. मघाशी शिव्या देणारा एक जाडा माणूस "आणा, आणा, पुढे द्या" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. एकानं सोड्याची बाटली पुढे केली.

"हे चालेल का आजी? थंडगार आहे."

"तुझ्या डोक्यावर ओत!"

एक मासेवाला माशांच्या पेटीतलं बर्फाचं पाणी घेऊन आला, त्याला मीच हाकललं. मलाही आता जोर चढला होता.

पाणी पडत राहिलं, ओबुयाचं ओरडणं कण्हण्यावर आलं. मग त्यानं विचारलं, "आई, माझी मुलगी मला दिसेल ना?"

थोरलीचा हात एकदाच थांबला. "डोळा उघडा ठेव," ती म्हणाली. "रडलास तरी चालेल. रडण्यानंही धुतलं जातं."

ओसिरनं आजवर गाडी फक्त धुवायला मागेपुढे केलेली. पण त्या दिवशी त्यानंच ती चालवली, सगळे प्रवासी जसेच्या तसे आत, कुणी भाडं परत मागितलं नाही, कुणी आपल्या गावाला उतरलं नाही. "घाई कशाला" धुरळा उडवत दवाखान्याकडे निघाली. थोरली जावयाचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसलेली, बाटलीमागून बाटली रिकामी करत होती. प्रत्येक खड्ड्यात अर्धं पाणी माझ्या अंगावर. "हळू चालव रे मेल्या!" मी म्हणायची, "पळव रे मेल्या!" ती म्हणायची.

दवाखान्याच्या दारात नर्सनं त्याचा हात धरला, आणि धरला त्याच क्षणी आमच्या थोरलीनं लेसो तोंडावर ओढला, पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. जशी काही ती या माणसाला ओळखतच नव्हती.

डॉक्टरांनी आणखी धुतलं, औषध घातलं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. मला म्हणाले, "लगेच पाणी घातलंत म्हणून आशा आहे. उजवा बहुतेक वाचेल. डाव्याला जखम मोठी आहे. पट्टी सोडू तेव्हा कळेल." मी विचारलं, "एका डोळ्यावर गाडी चालवता येते?" त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून नव्हती.

अमोंदी त्याच दवाखान्यात, पलीकडच्या खोलीत. तिनं लेकीला आणून बापाच्या हातात दिलं. त्यानं बोटांनी तिचं नाक चाचपलं, कान चाचपले. "नाक कुणाचं आहे?" त्यानं विचारलं. अमोंदी म्हणाली, "तुम्हीच बघा चार दिवसांनी." आणि बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

इकडे गावात जिभा सुटल्या. सासूनं जावयाला अंगाखाली घेतलं! आता बघा, डोळा जाणारच, देव कशाला ठेवेल? ओडेराचा चुलतभाऊ घरी येऊन म्हणाला, बकरं कापावं लागेल, दोष काढावा लागेल. थोरली म्हणाली, "कापू. आधी त्याला बकरं दिसू दे."

वरून असं बोलायची, पण आतून खचली होती. जेवण जाईना. रोज दवाखान्यात यायची, आत पाऊल नाही. त्याच्या खोलीच्या खिडकीबाहेर झाडाखाली पाठ करून उभी राहायची. मी आत-बाहेर करायची, निरोप्यासारखी.

"ताप आहे का? दुखतंय का? डावा म्हणतात की उजवा?"

"तूच विचार की खिडकीतून!"

"शरम नाही का तुला?"

मग एकदा माझा हात धरून म्हणाली, "धाकटे, लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत. पण त्याची गाडी गेली तर अमोंदी काय खाईल? आणि मी मधे उभी नसते तर तो कुंपणात पडला नसता. मी कोपऱ्यावरून येताना एकदा खोकले असते तर!"

सवतीला जवळ घ्यायची मला सवय नाही. मी तिच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच बसली. "तू खोकली असतीस तर मी धावत आले असते, वाटलं असतं मेलीस एकदाची," मी म्हटलं. ती हसली थोडीशी.

पट्टी सोडायचा दिवस आला. सकाळी फाटकात भेटलो आणि माझं डोकंच फिरलं. तिच्या पाठीवर तोच पिवळा लेसो!

"थोरले! आजच्या दिवशी? आजही मला टोमणा?"

"बाकीच्यांवर चीक उडालाय. धुतलेला एवढाच होता. चल आता, नखरे नकोत."

आम्ही दोघी खिडकीबाहेर उभ्या राहिलो, खोलीकडे पाठ करून. त्या दिवशी मीही पाठ केली. मला बघवलंच नसतं. आतलं सगळं ऐकू येत होतं. नर्सची कात्री, कापूस, अमोंदीचं "सावकाश हो, सावकाश."

"आधी उजवा," नर्स म्हणाली. "काय दिसतंय?"

खाट करकरली. मग ओबुया एकदम हसला. "हिचं नाक माझ्या आईचं आहे! अरेरे, बिचारी पोर!"

अमोंदी हसत रडायला लागली. थोरलीनं माझं मनगट धरलं होतं, ते तिनं सोडलं नाही.

"आता उजवा झाकते," नर्स म्हणाली. "डाव्यानं खिडकीबाहेर बघा. काय दिसतंय?"

"धुकं."

थोरलीची नखं माझ्या मनगटात रुतली.

"घाई नको. पापण्या हलवा. पाणी येऊ दे. बघा."

"दोन बायका आहेत," तो म्हणाला. "पाठमोऱ्या."

"कोण आहेत?"

"माझ्याकडे पाठ करून उभ्या म्हणजे माझ्या सासवाच असणार."

खोलीतले सगळे हसले, पण नर्स नाही. "ते तुम्ही अंदाजानं सांगताय. आकार अर्धवट डोळ्यालाही दिसतो. बारीक काही दिसतंय का? गाडी चालवायची आहे ना तुम्हाला?"

त्यानं पापण्या मिटून पुन्हा उघडल्या. मग म्हणाला, "एकीच्या पाठीवर अक्षरं आहेत."

"वाचा."

मी थोरलीकडे पाहिलं. ती ताठ उभी राहिली. मग तिनं दोन्ही हात मागे नेले आणि लेसोचा काठ ताणून सरळ धरला. एक टोक मी धरलं.

"माझ्या," तो म्हणाला. "माझ्या... दाराकडे... काय... बघतेस?"

"पुढे?"

"पुढचं पुसट आहे."

ते पुसटच होतं! इतक्या वर्षांच्या धुण्यानं विटलेलं, डोळसालाही धड न दिसणारं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मी दातांखाली जीभ धरली. कापड आम्ही दोघींनी आणखी ताणलं.

"तुझं," तो म्हणाला. "तुझं दूध... उतू... चाललंय! तुझं दूध उतू चाललंय! दिसतंय मला, आई, सगळं दिसतंय!"

आत काय गोंधळ झाला तो मला ठाऊक नाही. ज्या ओळीनं माझं आयुष्यभर रक्त आटवलं, ती ऐकून मी त्या झाडाखाली नाचले. हो, नाचले ती मी, थोरली नव्हे, गावातल्यांनी लक्षात ठेवावं.

"पुन्हा वाच रे बाबा!" मी ओरडले. "मोठ्यानं वाच!"

त्यानं पुन्हा वाचलं. थोरलीनं खिडकीकडे वळून पाहिलं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, चांगल्या डोळ्यातून आणि फुलाच्याही. ते तिनं हातानं नाही, खांद्यानं पुसलं.

"ऐकलंस ना धाकटे?" ती म्हणाली.

"ऐकलं गं बाई," मी म्हटलं. "आता रोज घाल."